पुरे की पुढे

“काकू आज भांडणाच्या मूडमध्ये आहेत,” धैर्यशील म्हणाला आणि पाठीवरची सॅक न उतरवताच नदीकाठी उकिडवा बसला.

काकू म्हणजे ती नदी. तिला खरं माओरी नाव होतं, लांबलचक आणि सुंदर. पण ती अखंड बोलत असते म्हणून उत्तरानं पहिल्याच भेटीत तिचं बारसं करून टाकलं होतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या डोंगरांमध्ये धैर्यशील, उत्तरा आणि मी, आम्ही तिघं अशी बारशी करत हिंडायचो. एका खिंडीचं नाव आम्ही ‘दमछाक’ ठेवलं होतं, एका उतारावरच्या लोखंडी पत्र्याच्या झोपडीला ‘मामाचं घर’. नकाशावर ही नावं सापडायची नाहीत, पण दुसऱ्या कुठल्या नावानं त्या जागा आम्हाला ओळखीच्याही वाटायच्या नाहीत.

आदल्या दिवशी काकू गुडघ्याएवढी होती. आम्ही हसत, बूट न काढता, फोटो काढत ती ओलांडून आत गेलो होतो. रात्री वरच्या रांगेत पाऊस झाला असावा. आमच्यावर नुसता शिडकावा होता. आता रविवारी दुपारी परत येऊन बघतो तर तिचा निळसर करडा रंग जाऊन पाणी मातकट झालं होतं, आणि पलीकडच्या काठावर, हाकेच्या अंतरावर, आमची गाडी उभी दिसत होती. फोनला रेंज नव्हती. पूल नव्हता.

“मुकादम, काय ठरतंय?” बाबांनी मला विचारलं.

आमच्यात पाळी असायची. ज्याची पाळी तो त्या सहलीचा मुकादम. कुठं थांबायचं, कधी फिरायचं, हे तो ठरवणार आणि बाकीच्यांनी कुरकुर करत का होईना ऐकायचं. त्या वेळी पाळी माझी होती. बाबांनी हे पहिल्याच दिवशी समजून घेतलं आणि त्यानंतर डोंगरात मला कधी ‘मंजू’ म्हणून हाक मारली नाही.

आई गेल्यानंतरच्या वर्षी मी त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. क्राइस्टचर्चच्या माझ्या दोन खोल्यांत बसून ते दिवसभर काय करतील याची मला काळजी होती. पहिल्या शनिवारी त्यांनीच विचारलं, “तू दर आठवड्याला जातेस तिथं मला नेण्यासारखं आहे का?” सातारा जिल्ह्यातल्या एका धरणावर बाबांची सारी नोकरी झाली, पूर नियंत्रणाच्या बिनतारी संदेशाच्या खोलीत. अजिंक्यतारा ते रोज चढायचे. मी धैर्यशील आणि उत्तराला विचारलं. धैर्यशील म्हणाला, “काका येतात तर येऊ देत की! सॅक मी घेतो त्यांची.” सॅक बाबांनी त्याला कधी घेऊ दिली नाही.

नदीचं नाव त्यांना कळलं तेव्हा मात्र धैर्यशीलनं जीभ चावली होती. आई जाऊन वर्षच झालं होतं. बाबा क्षणभर पाण्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “बरं झालं. मला सवय आहे, काकू बोलतात आणि मी ऐकतो.”

तर त्या रविवारी बाबांनी एक काटकी पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली आणि ते मागं सरून बसले. मी वरखाली चालून पात्र पाहून आले. एका जागी ते पसरट होत होतं, तळ गोट्यांचा होता आणि खाली वाहून गेलंच तर बाहेर पडायला वाळूचा उतार होता.

“इथून होईल,” धैर्यशील म्हणाला.

“होईल कदाचित,” मी म्हणाले.

“कदाचित काय कदाचित! मंजिरी, उद्या सकाळी आठला मला तिथं बसायचंय, टाय लावून.”

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोल्हापूरचा स्थापत्य अभियंता असलेला हा माणूस दीड वर्ष एका गोठ्यात गाईंच्या धारा काढत होता. व्हिसा संपत आला होता. आणि सोमवारी त्याची मुलाखत होती, रस्ते-पुलांची कामं करणाऱ्या एका कंपनीत. ती नोकरी मिळाली तर राहणार, नाही तर सामान बांधणार.

“पुलाच्या नोकरीसाठी बिनपुलाची नदी,” उत्तरा म्हणाली. “देव पण कसे पेपर काढून राहिला बघा.” ती नागपूरची, इथल्या एका वृद्धाश्रमात नर्स. संकट जितकं मोठं तितकी तिची वऱ्हाडी गडद व्हायची.

मी ठरवलं. आपण पाण्यात शिरून बघू. जांघेच्या वर पाणी आलं की माघार, आणि त्यावर चर्चा नाही. सॅकचे कमरेचे पट्टे सोडले, वाहून गेलोच तर सॅक झटकन टाकता यावी म्हणून. चौघांनी ओळीनं उभं राहायचं, शेजाऱ्याच्या पाठीमागून हात घालून त्याच्या सॅकचा पट्टा घट्ट धरायचा, आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. प्रवाहाच्या वरच्या टोकाला सगळ्यांत दणकट माणूस, म्हणजे पाण्याचा जोर त्यानं फोडायचा. तिथं धैर्यशील. मग उत्तरा, मग बाबा, आणि खालच्या टोकाला मी.

पात्राचा पहिला एक तृतीयांश भाग बरा गेला. पाणी इतकं गार होतं की पाय आपले आहेत हे मनाला पटवावं लागत होतं. धैर्यशील ओरडत होता, “टाक… टाक… टाक…” आणि आम्ही टाकत होतो. मग आवाज बदलला. वर नदीची नेहमीची बडबड होतीच, पण तिच्या खालून काहीतरी घरंगळत होतं. जात्यात दाणे नसताना ते फिरवावं तसं. तळातले धोंडे हलायला लागले होते.

बाबांनी मान वर करून हाक दिली, “पुरे! पुरे!”

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मला स्वच्छ ऐकू आलं आणि मी पाय रोवले. धैर्यशीलनं मात्र मोठ्यानं “हो काका!” म्हटलं आणि जोरात पुढं झेप घेतली.

ओळ पिळली गेली. एक टोक पुढं, एक टोक जागच्या जागी. मध्ये उत्तरा होती, तिचे पाय सुटले. ती पाण्यात आडवी झाली आणि दोन्हीकडच्या हातांवर लोंबकळली. बाबांचा पट्ट्यावरचा हात सुटला नाही. धैर्यशीलचाही सुटला नाही. मी काय ओरडले मला आठवत नाही. उत्तरा नंतर म्हणायची की मी ओरडले नाही, बाबांच्या सॅकला धरून साऱ्या ओळीला बैलगाडीसारखं मागं ओढलं. आम्ही उलट्या पावलांनी, अडखळत, आलो त्याच काठावर येऊन आदळलो.

उत्तराच्या बुटांतून पाणी वाहत होतं.

“मी पुरे म्हणालो होतो,” बाबा म्हणाले.

“पुढे म्हणालात तुम्ही,” धैर्यशील म्हणाला.

“पुरे.”

“काका, मी ऐकलंय की! पुढे, पुढे! म्हणून तर मी…”

“तुला जायचं होतं म्हणून पुढे ऐकू आलं,” उत्तरा दात वाजवत म्हणाली. “मी मेली असती ना बे.”

बाबांनी रोवलेली काटकी दिसत नव्हती. तिच्यावरून पाणी जात होतं. मी सॅक उचलली.

“मामाच्या घरी परत,” मी म्हणाले. “उद्या उजाडल्यावर बघू.”

“आणि माझी मुलाखत?”

“धैर्या, चर्चा नाही असं ठरलं होतं.”

तो चालला, पण आमच्या पुढं बरंच अंतर ठेवून. एकदाच मागं वळून म्हणाला, “तुम्हाला ठीक आहे. तुम्हा दोघींच्या पासपोर्टवर कायमचा शिक्का बसलाय.”

झोपडीत आम्ही शेगडी पेटवली, ओले कपडे दोरीवर टाकले. भात उरला होता, आणि बाबांनी विमानतळावर अधिकाऱ्याला वास देऊन, समजावून, सोडवून आणलेलं मेतकूट होतं. बाहेर अजून उजेड होता. धैर्यशील बाकाच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून बसला होता. उत्तरानं त्याच्यासमोर ताटली ठेवली आणि भात वाढला.

“पुरे,” तो म्हणाला.

तिनं आणखी एक डाव घातला.

“पुरे म्हटलं ना!”

तिनं तिसरा डाव उचलला आणि बाबा एकदम हसायला लागले. आधी आम्हाला कळेना. ते हसून हसून खोकायला लागले.

“बघा,” ते म्हणाले. “बघा, हा घोळ! आपल्यात पुरे म्हटलेलं कुणी कधी ऐकलंय का? पंगतीत पाहुण्यानं पुरे म्हटलं की वाढणारा आणखी एक जिलबी टाकतो. ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून टाकतो. पुरे हा शब्दच आपण मोडून ठेवलाय. माझी बायको तर म्हणायची, पुरे म्हणजे भूक आहे पण लाज वाटते.”

“मग पाहुण्यानं म्हणायचं तरी काय?” उत्तरानं विचारलं.

“काही म्हटलं तरी उपयोग नाही. उठून पळायचं.”

धैर्यशीलच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं ताटली पुढं ओढली.

मग बाबांनी आम्हाला धरणाची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात दरवाजा हातानं फिरवून उचलावा लागायचा. वर एक जण चाक फिरवायचा, खाली एक जण पट्टीवर बघून ओरडायचा. एकदा खालच्यानं ‘पुरे’ म्हटलं, वरच्यानं ‘पुढे’ ऐकलं आणि खालच्या गावातल्या एकाची नदीकाठची मोटर बुडाली. तो माणूस ऑफिसात येऊन दोन तास शिव्या देत होता, आणि नव्या पोराला, म्हणजे बाबांना, त्याच्यासमोर बसवलं होतं. तेव्हापासून त्या धरणावर ‘पुरे’ या शब्दाला बंदी. ‘बास’ म्हणायचं.

“आणि आज तोंडातून नेमका तोच निघाला,” बाबा म्हणाले. “एवढी वर्षं बिनतारीवर बसून. धैर्यशील, चूक तुझ्या कानाची नाही, माझ्या जिभेची आहे.”

“नाही काका,” धैर्यशील भातात बोट फिरवत म्हणाला. “अर्धी कानाची पण आहे.”

“बरं, अर्धी अर्धी. आता ऐक. बिनतारीवर एक नियम असतो. मी निरोप दिला म्हणजे तो पोचला असं नसतं. समोरच्यानं तोच निरोप मला परत सांगितला की पोचला. दोन दरवाजे एक फूट. समोरून यायला पाहिजे, दोन दरवाजे एक फूट. नुसतं ‘हो साहेब’ आलं की समजायचं, गडी अर्धवट ऐकून बसलाय. तू आज मला ‘हो काका’ म्हणालास.”

“म्हणालो.”

“पाण्यात तोंडाचा उपयोग नाही. हाताचा आहे.” त्यांनी माझा हात धरला आणि एकदा दाबला. “हे पुरे.” मग दोनदा. “हे पुढे. ज्याला कळलं त्यानं तेच शेजाऱ्याला द्यायचं, आणि ज्याच्याकडून आलं त्याला परत द्यायचं. परत येईपर्यंत पाय हलवायचा नाही.”

मग त्या पत्र्याच्या झोपडीत आम्ही चार मोठी माणसं टेबलाभोवती हात धरून बसलो आणि एकमेकांचे हात दाबत राहिलो. उत्तरा म्हणाली, बालवाडी वाटून राहिली. पहिल्या फेरीत बाबांचे दोन दाब धैर्यशीलपर्यंत पोचेतो तीन झाले. तिसऱ्या फेरीला जमलं. नंतर बाबांनी त्याला डोळे मिटायला लावले, आणि मी मुद्दाम उशीर केला, तरी तो थांबून राहिला. हात धरून, डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करत, पण थांबून.

“आता शिकलास,” बाबा म्हणाले.

“मुलाखतीत सांगतो, काका. अनुभव: हात दाबणे.”

सकाळी काठावर गेलो तर काटकी उभी होती. तिच्यापासून पाणी हातभर खाली गेलं होतं. काकू बोलत होती, पण वरवरचं, नेहमीचं; तळातलं घरंगळणं थांबलं होतं. आम्ही ओळ धरली. या वेळी पट्ट्यांऐवजी मनगटं धरली होती आणि कुणीच ओरडत नव्हतं. दोन दाब, पाऊल. दोन दाब, पाऊल. मध्यावर आलो तेव्हा बाबांकडून एकच आला. वरून एक ओंडका लोळत येत होता, तो त्यांना आधी दिसला असावा. मी परत दिला. उत्तरानं परत दिला, आणि तोच एक दाब धैर्यशीलपर्यंत गेला. त्याला गाडी समोर दिसत होती, घड्याळात सात वाजून गेले होते, आणि तो खांबासारखा उभा राहिला. ओंडका आमच्यासमोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, संथ निघून गेला.

मग दोन आले.

धैर्यशीलला ती नोकरी मिळाली नाही. तो पोचला तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या. रिसेप्शनवरच्या बाईंनी त्याच्या चिखलाच्या बुटांकडं बघून त्याला चहा दिला, एवढंच. त्यानं आणखी चार महिने धारा काढल्या, व्हिसा कसाबसा वाढवून घेतला आणि मग बेटाच्या पार दक्षिणेला एका लहान गावात त्याला काम मिळालं. आता तो खरोखर पूल बांधतो. प्रत्येक पूल झाला की फोटो बाबांना जायचा, खाली एकच शब्द: ‘पुढे’. आणि बाबा उत्तर म्हणून तोच शब्द परत पाठवायचे. त्यात काही जास्तीचं लिहिलं तर निरोप बिघडतो, असं ते म्हणत.

आम्ही त्यानंतरही खूप हिंडलो, बाबा परत गेल्यावरही. हिमनदीवर, समुद्रकाठच्या कड्यांवरून, कयाकमधून. नदी आली की हात धरायचो. आमच्यात नवी माणसं आली, त्यांतली काही मराठी नव्हती, पण हात दाबायला त्यांनाही शिकवलं. एक जर्मन मुलगी एकदा विचारत होती की ही पद्धत कुठल्या पुस्तकातली. उत्तरा म्हणाली, “हमारे काका की.” जर्मन मुलीशी ती हिंदीत का बोलली ते अजून कुणाला कळलेलं नाही.

याला नऊ वर्षं झाली.

यंदा फेब्रुवारीत दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला आणि मी मिळेल त्या विमानानं पुण्याला पोचले. बाबा दवाखान्यात होते. फुप्फुसं आधीच कमकुवत झाली होती, त्यात न्यूमोनिया. तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क, यंत्राची घरघर. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. इतक्या लांबून कशाला आलीस, असं त्यांना म्हणायचं असावं.

डॉक्टर तरुण होते, समजूतदार. त्यांनी दादाला आणि मला कोपऱ्यात नेलं. मास्कवर आता भागत नाही, म्हणाले. घशातून नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवता येईल. त्यातून बाहेर येण्याची आशा या वयात, या फुप्फुसांवर, फार थोडी. पण नाहीच असं नाही. पेशंट शुद्धीवर आहेत. तुम्ही विचारा त्यांना, आणि लवकर.

दादानं वाकून, त्यांच्या कानाशी, सगळं नीट समजावून सांगितलं. दादा चांगला मुलगा आहे. सारा महिना तो त्या खुर्चीत बसला होता. बाबांनी ऐकलं आणि मास्कच्या आत ओठ हलवले. यंत्राच्या आवाजात एक शब्द आला.

दादा ताठ झाला. त्याचे डोळे भरून आले होते. “ऐकलंस? पुढे म्हणाले. पुढे. मला माहीतच होतं, बाबा मागं हटणाऱ्यातले नाहीत.” तो डॉक्टरांना सांगायला वळला.

“दादा, एक मिनिट,” मी म्हणाले.

मी पलंगाच्या त्या बाजूला गेले, जिथं सलाइन नव्हतं, आणि बाबांचा हात हातात घेतला. तो गार होता. नदीतल्यासारखा गार. मी काही विचारलं नाही; त्यांना प्रश्न कळला होता.

त्यांनी एकदा दाबला.

मी थांबले. दुसरा येईल म्हणून थांबले. येईल तेवढा वेळ दिला, आणखीही दिला. आला नाही. बाबा माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते. ते आमच्या हातांकडं बघत होते, कपाळाला आठी घालून, बिनतारीसमोर बसलेल्या माणसासारखे. मग माझ्या लक्षात आलं की ते कशाची वाट बघताहेत. निरोप दिला होता. तो परत आला नव्हता.

मी एकदा दाबला.

कपाळावरची आठी गेली. त्यांनी डोळे मिटले.

“काय म्हणाले?” दादा माझ्या मागं उभा होता.

“पुरे म्हणाले.”

“नक्की? मंजू, मी ऐकलं गं. नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले. “मी परत सांगितलंय.”